फ्रेंच शिपायाचं शिळाछाप व्यंगचित्र कसं वाचायचं: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

पायदळाची एक तुकडी पाण्यात थांबली आहे. पहिल्या फ्रेंच प्रजासत्ताकाचे शिपाई, भिजलेले, थकलेले. चित्राखाली एकच ओळ आहे: "इल ए देफांद्यू द फ्युमे, मे वू पूवे वू-झास्वार." म्हणजे, "विडी ओढायला मनाई आहे. बसायला मात्र हरकत नाही."

ऑग्युस्त राफे या चित्रकारानं १८३० च्या दशकात हे चित्र दगडावर काढलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला होते. ओळीचं भाषांतर आलं, हसूही आलं, आणि मी पुढच्या पानावर गेले. त्या पाण्याकडे नीट बघायला मला नंतर बरीच वर्षं लागली. तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हा लेख. फ्रेंच येत नसलं तरी चालेल. एक भिंग, एक वही आणि एका चित्रासमोर अर्धा तास बसायची तयारी, एवढ्यावर सुरुवात होते.

पायरी १: खालची ओळ झाका

अक्षरशः झाका. स्क्रीनवर असेल तर ओळ दिसणार नाही इतकं चित्र मोठं करा. कागदावर असेल तर वर पोस्टकार्ड ठेवा. एक कारण असं की ओळ वाचली की डोळे काम थांबवतात, विनोद कळला म्हणजे चित्र कळलं असं वाटतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या चित्रांखालच्या ओळी पुष्कळदा चित्रकाराच्या नसायच्या. ओनोरे दोमिए हा या कलेतला सगळ्यात मोठा माणूस. त्यानं आयुष्यात सुमारे ४,००० शिळाछाप चित्रं केली, पण त्यांतल्या कित्येक चित्रांखालचा मजकूर संपादक शार्ल फिलिपाँ किंवा कचेरीतल्या दुसऱ्या कुणी लिहिला. तेव्हा एका कागदावर दोन माणसं बोलत असतात, आणि दोघं एकच गोष्ट सांगत असतील असं नाही.

ओळ झाकल्यावर पायांपासून वर जा. बूट कसे आहेत, विजार पोटरीवर कशी पडली आहे, पाठीवरच्या पिशवीनं खांदे किती ओढले गेले आहेत, हात कशात गुंतले आहेत. चेहरा सगळ्यात शेवटी. चांगला चित्रकार शिपायाचं वय, त्याची नोकरी किती झाली आणि त्याला भूक लागली आहे की नाही हे चेहऱ्याच्या आधी पाठीतून सांगतो. रंगरूट आणि जुना शिपाई सारख्याच गणवेशात उभे असतात, पण रंगरुटाच्या अंगावर तो गणवेश टांगल्यासारखा दिसतो. जुन्याच्या अंगावर तोच कपडा कातडीसारखा बसतो.

जे दिसलं ते वहीत पाच-सहा वाक्यांत लिहा. मग ओळ उघडा.

पायरी २: दगडाचं काम समजून घ्या

आपल्याकडे शिळाप्रेस हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग शिळेवरच छापलं, आणि शिळाछाप पोथ्या आजही कितीतरी घरांत फडक्यात बांधलेल्या सापडतात. ती हीच पद्धत. आलोइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस बव्हेरियात ती शोधली. दगडही तिथलाच, झोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक पोताचा चुनखडक. फ्रान्समध्ये १८१६ च्या सुमारास गोदफ्रुआ एंगेलमान आणि काउंट द लास्तेरी यांनी पॅरिसमध्ये छापखाने काढले आणि तिथून ती पसरली.

सगळी करामत तेल आणि पाण्याच्या वैरात आहे. घासून सपाट केलेल्या दगडावर चित्रकार तेलकट खडूनं चित्र काढतो. वरून डिंकाचं पाणी आणि अगदी सौम्य आम्ल फिरवतात. मग दगड ओला करतात: जिथे खडू आहे तिथे पाणी धरत नाही, जिथे दगड कोरा आहे तिथे धरतं. तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांना चिकटते. कागद ठेवायचा, दाबयंत्रातून ओढायचा. दगडावर खोदकाम काहीच नाही, सगळं सपाट.

या चित्रांना यातून दोन गोष्टी मिळाल्या. पहिली वेग. तांब्यावर कोरायला दिवसचे दिवस लागत. दगडावर मात्र चित्रकार कागदावर काढावं तसं काढायचा आणि चित्र लगोलग छपाईला जायचं. रोज निघणाऱ्या वर्तमानपत्रात रोज नवं चित्र देणं त्यामुळेच शक्य झालं. दुसरी म्हणजे खडूचा दाणा. भिंग धरा: रेघ सलग दिसत नाही, दगडाच्या पोतावर खडू घासला गेल्याचे बारीक, वेडेवाकडे, आकारानं असमान कण दिसतात. शिपायाच्या ओव्हरकोटाचा जाड लोकरीचा पोत, संतरीच्या मागचं धुकं, बराकीतला धूर हे सगळं त्या दाण्यातून येतं. भिंगाखाली एकसारख्या टिंबांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई. विकत घेताना ही एक खूण तुम्हाला बऱ्याच फसवणुकीतून वाचवेल. कागदाच्या कडेनं पत्र्याचा दबलेला चौकोन बोटाला लागला तर ते कोरीव चित्र आहे, शिळाछाप नव्हे.

आता डावं-उजवं. छापताना चित्र उलटतं. मजकूर लिहिणारा उलटी अक्षरं सरावानं लिहायचा, पण चित्रकार घाईत असेल तर जे जसं दिसतं तसंच दगडावर काढायचा, आणि कागदावर ते आरशातल्यासारखं यायचं. माझ्याकडे एक सुटं पान आहे, कडा कापलेली, त्यामुळे सही गेलेली. त्यातल्या शिपायाची तलवार उजव्या कमरेला आहे. बरेच दिवस मला वाटायचं की हा डावखुरा असावा. मग लक्षात आलं की त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांच्याही तलवारी उजवीकडेच आहेत. तलवार डाव्या कमरेला असायची, उजव्या हातानं उपसता यावी म्हणून. चित्रकारानं उलटवायचे कष्टच घेतले नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा दगडापुढे वाकलेला माणूस दिसला, संध्याकाळपर्यंत काम संपवायच्या घाईत असलेला.

पायरी ३: कडेची बारीक अक्षरं

चित्राच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात. "शे" (chez) म्हणजे अमक्याच्या दुकानी, हा प्रकाशक किंवा विक्रेता. "एंप" (imp.) ही छापणाऱ्याची खूण. "शे ओबेर, गालेरी वेरो-दोदा" असं दिसलं तर तुम्ही पॅरिसच्या एका काचेच्या छताच्या गल्लीतल्या त्या दुकानासमोर आहात, जिथे लोक खिडकीत लावलेली नवी चित्रं बघायला गर्दी करायचे. ओबेर हा फिलिपाँचा मेहुणा. पुढे हेच दुकान बूर्स चौकात गेलं. "मेझाँ मार्तिने, रिव्होली रस्ता, व्हिव्हिएन रस्ता" असा पत्ता असेल तर काळ पुढचा, तिसऱ्या नेपोलियनच्या राज्याच्या आसपासचा.

फिलिपाँनं "ल शारिव्हारी" हे दैनिक १ डिसेंबर १८३२ रोजी सुरू केलं. चार पानं, आणि चित्र बहुधा तिसऱ्या पानावर. त्यामुळे त्यातून काढलेल्या पानाच्या पाठीमागे चौथ्या पानाचा मजकूर असतो, आणि पातळ कागदातून तो चित्रात उमटलेला दिसतो. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला नाही वाटत. ते पान कुणाच्या तरी सकाळच्या कॉफीबरोबर उघडलं गेलं होतं याचा तो पुरावा आहे. तीच चित्रं जाड पांढऱ्या कागदावर, मागे कोरी ठेवूनही छापली जायची, संग्रह करणाऱ्यांसाठी. ती जास्त स्वच्छ दिसतात आणि महागही असतात. रंगीत प्रत मिळाली तर रंग बहुधा हातानं भरलेला असतो. भिंगाखाली तो रेघेच्या बाहेर सांडलेला दिसतो.

चित्रकारांच्या सह्यांचीही थोडी ओळख करून घ्या. काम (Cham) ही सही करणाऱ्याचं खरं नाव आमेदे द नोए. बायबलमधल्या नोआच्या मुलाचं नाव हॅम, फ्रेंचमध्ये काम. आडनाव नोए म्हणून त्यानं ते उचललं. द्रानेर हा लिएजचा बेल्जियन, १८६० च्या दशकात त्याची सैनिकांची रंगीत मालिका पॅरिसमध्ये गाजली. त्याचं आडनाव रनार, आणि द्रानेर म्हणजे तीच रोमन अक्षरं उलट्या क्रमानं.

पायरी ४: तारीख बघा, आणि त्या वर्षी काय छापायला बंदी होती तेही

ही पायरी वगळली तर बाकीचं वाया जातं, म्हणून इथे थोडं थांबते.

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप राजा झाला आणि छापखान्यांना थोडी मोकळीक मिळाली. ती टिकली पाच वर्षं. राजाला अधाशी राक्षस दाखवल्याबद्दल दोमिएला १८३२ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसमध्ये उठाव झाला. ट्रान्सनोनँ रस्त्यावरच्या एका घरात सैनिक शिरले आणि झोपेतून उठलेल्या माणसांना त्यांनी मारलं. दोमिएनं त्यावर केलेलं शिळाछाप चित्र मिळेल तिथे बघा. रात्रीच्या अंगरख्यातला एक माणूस पलंगाला टेकून जमिनीवर पडला आहे, त्याच्या अंगाखाली लहान मूल. त्या खोलीत शिपाई एकही नाही. ते येऊन गेले आहेत. शिपायांविषयीची त्या काळातली सगळ्यात कठोर गोष्ट अशी शिपाई न दाखवता सांगितली गेली. सरकारनं प्रती जप्त केल्या.

पुढच्या वर्षी, जुलै १८३५ मध्ये, फिएस्की नावाच्या माणसानं राजावर हल्ला केला. सप्टेंबरात कायदा आला: कुठलंही चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी हवी. लिहिलेल्या शब्दाला अशी पूर्वपरवानगी नव्हती, चित्राला होती. अक्षर न येणारा माणूसही चित्र वाचतो, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. १८४८ मध्ये ही बंदी गेली, १८५२ मध्ये परत आली, आणि कायमची सुटका व्हायला २९ जुलै १८८१ चा छापखान्यांचा कायदा यावा लागला.

आता या चौकटीत शिपायाचं चित्र ठेवून बघा. सेनापतीची टिंगल करता येत नाही, युद्ध कशासाठी हे विचारता येत नाही, राजाचं नाव काढायची सोय नाही. उरतं काय? सूप पातळ आहे. बूट चावतात. कॉर्पोरल ओरडतो. बटाटे सोलायची फटीग, म्हणजे बराकीतलं हमालकाम, आजही माझ्यावरच आली. ही चित्रं रोजच्या जगण्यात शिरली त्यामागे आवड होती तशी सक्तीही होती. म्हणून १८३५ नंतरचं पान हातात आलं की वहीत एक प्रश्न लिहायचा: इथे बुटाबद्दल बोलताना आणखी कशाबद्दल बोलत आहेत का? उत्तर दर वेळी हो नसतं. पुष्कळदा बूट म्हणजे बूटच. पण प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका.

पायरी ५: माणसं ओळखा

तमाशात गवळण आली, मावशी आली की आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तेव्हाच्या फ्रेंच वाचकाचंही या चित्रांतल्या माणसांच्या बाबतीत तसंच होतं. आपल्याला मात्र ती एकेक करून शिकावी लागतात.

पहिला रंगरूट, "काँस्क्री". विसाव्या वर्षी गावागावातून चिठ्ठ्या काढायचे. आकडा लहान निघाला तर फौजेत, मोठा निघाला तर सुटका. १८३२ च्या कायद्यानं ही नोकरी सात वर्षांची होती. ज्याच्या बापाकडे पैसा होता तो दुसऱ्या कुणाला पैसे देऊन आपल्या जागी पाठवायचा, आणि ते कायदेशीर होतं. बदली देण्याची ही पद्धत १८७२ पर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपात चालली. म्हणजे चित्रातला तो गोंधळलेला, मोठ्या कानांचा, टोपी डोळ्यांवर घसरलेला पोरगा गरीब घरचा आहे हे वाचकाला न सांगता माहीत असायचं. तो खेडवळ बोलतो, त्याच्या तोंडची फ्रेंच मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेली असते. शब्दकोशात शब्द सापडला नाही तर तो मोठ्यानं वाचा, उच्चारातून कळतो.

दुसरा जुना शिपाई, "ग्रोन्यार", म्हणजे कुरकुऱ्या. नेपोलियनच्या लढायांतून परतलेला, मिशी पांढरी, कधी एक पाय लाकडाचा, राहायला अँव्हालिद या जखमी आणि म्हाताऱ्या शिपायांच्या वसतिगृहात. निकोला-तुसँ शार्ले यानं या म्हाताऱ्याला घराघरात पोचवलं. शार्ले १७९२ चा, पॅरिसचा, क्रांतीच्या फौजेतल्या घोडदळातल्या शिपायाचा मुलगा. १८१४ मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला तेव्हा क्लिशीच्या नाक्यावर तो स्वतः लढला, आणि राजेशाही परत आल्यावर त्याची कारकुनी गेली. मग तो चित्रकलेकडे पूर्ण वळला आणि त्यानं हजाराच्या आसपास शिळाछाप चित्रं केली. राफे आणि काम (Cham) दोघंही त्याचे विद्यार्थी. कवी बोदलेरला शार्ले अजिबात आवडायचा नाही. तो शिपायाला आणि फ्रेंच अभिमानाला गोंजारतो, अशी त्याची तक्रार होती. ती तक्रार शार्लेच्या काही चित्रांना बरोबर लागू पडते. शोवँ नावाचा भाबडा देशभक्त शिपाई याच काळात, १८३१ च्या एका नाटकातून, लोकांच्या तोंडी बसला, आणि "शोव्हिनिझम" हा शब्द आपण आजही वापरतो. तरी शार्लेचे म्हातारे जेव्हा पोरांना गोष्टी सांगत बसलेले असतात तेव्हा मला ती खुशामत वाटत नाही. आपली फौज मोडली गेल्यावर त्या माणसांना बसायला दुसरी जागा उरली नव्हती.

मग बाकीची मंडळी. दाढीवाला, कातडी एप्रन आणि खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला तो "सापर": पलटणीपुढे वाट मोकळी करणारा. सगळ्यात उंच, तुरेवाला, हातात लांब दंडा फिरवणारा तो ढोलपथकाचा म्होरक्या. कमरेला छोटं लाकडी पिंप अडकवलेली बाई ती "कांतिनिएर", रीतसर परवाना घेऊन पलटणीला दारू आणि जेवण विकणारी. तिचा नवरा बहुधा त्याच पलटणीत. घोळदार विजार आणि लाल टोपीतला झुआव्ह, उत्तर आफ्रिकेतल्या पलटणींचा, क्रायमियाच्या युद्धानंतर पॅरिसचा लाडका. आणि रविवारच्या बागेतला तो तरुण शिपाई, मूल सांभाळणाऱ्या दाईशेजारी बाकावर बसलेला. दिवसाला एक सू हातखर्च मिळणारा मुलगा आणि दुसऱ्याचं मूल कडेवर घेतलेली मुलगी. दोघंही गावाकडची, दोघांना मोठ्या शहरात ओळखीचं कुणी नाही. हा विषय त्या चित्रकारांनी इतक्या वेळा का काढला हे कळायला मला काही जड गेलं नाही. मीही दुसऱ्या गावी हॉस्टेलवर राहिले आहे.

राष्ट्रीय रक्षकदल वेगळं काढा, नाहीतर गोंधळ होतो. हे शिपाई नव्हेत. हे दुकानदार, वकील, किराणावाले, ज्यांना आळीपाळीनं पहारा द्यावा लागायचा. गणवेश ज्याचा त्यानं करायचा. पोट सुटलेला, चष्मा लावलेला, अस्वली टोपीखाली घामेजलेला संतरी दिसला तर तो बहुधा यांच्यातला. पहारा चुकवला तर तुरुंग. त्या तुरुंगाला लोक "ओतेल दे-झारिको" म्हणायचे, म्हणजे घेवड्याचं हॉटेल. कादंबरीकार बाल्झाकलाही १८३६ मध्ये पहारा टाळल्याबद्दल तिथे जावं लागलं होतं. दोमिएनं या मंडळींची चित्रं काढली ती त्यांच्यातलाच एक शेजारी म्हणून, आणि ते जाणवतं.

रंगाबद्दल एकच: १८२९ पासून फ्रेंच पायदळाची विजार मंजिष्ठेच्या लाल रंगाची होती आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत राहिली. रंगवलेल्या चित्रात निळा कोट आणि लाल विजार दिसली तर काळ १८२९ च्या अलीकडचा.

पायरी ६: आता ओळ उघडा

राफेच्या चित्राकडे परत या. "इल ए देफांद्यू" ही वाक्यरचना बघा. मनाई आहे. कुणी केली? वाक्यात कर्ताच नाही. कचेरीत, स्टेशनवर, सार्वजनिक बागेत लावलेल्या पाटीची ही भाषा. मराठीतही तशीच: "थुंकण्यास मनाई आहे." ती भाषा पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना तोंडी सांगितली जाते आहे. मग "मे", म्हणजे पण. आणि मग "वू पूवे", तुम्ही करू शकता: इथे एकदम माणूस माणसाशी बोलतो. मनाईला कर्ता नाही, सवलतीला मात्र "तुम्ही" आहात.

बसायचं कुठे? पाण्यात.

विनोद एवढाच आहे. पण आधी ओळ झाकून तुम्ही पाणी बघितलं असेल, ते कपड्यांत कसं भिनलं आहे ते वहीत लिहिलं असेल, तर "बसायला हरकत नाही" हे वाचताना हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतंही. त्या अधिकाऱ्याला क्रूर म्हणता येत नाही. विडीची ठिणगी शत्रूला दिसली तर सगळेच मरतील. त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं आणि ते त्यानं दिलं.

भाषांतर करताना तीन गोष्टी सांभाळा. ओळीत किती जण बोलतात ते आधी मोजा. दोघांचा संवाद असेल तर प्रत्येक बोलणं नव्या ओळीवर छोट्या आडव्या रेघेनं सुरू होतं. कोण कुणाला "त्यु" म्हणतो आणि कोण "वू" हे बघा. अरे-तुरे आणि अहो-जाहो जसं आपल्याकडे सगळं नातं सांगतं तसंच तिथेही. आणि खेडवळ फ्रेंच आली तर तिला प्रमाण मराठीत सरळ करू नका. तुमच्या गावची बोली घाला, चालते. नव्हे, तीच शोभते.

पायरी ७: कुठे बघायचं, कसं जपायचं

घरबसल्या बघायला फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं "गालिका" हे भांडार पुरतं. तिथे "शारिव्हारी"चे वर्षानुवर्षांचे अंक पानन् पान उघडता येतात. पॅरिस शहराच्या संग्रहालयांनी जानेवारी २०२० मध्ये एक लाख चित्रं मोफत वापरासाठी खुली केली, त्यांत अशी पुष्कळ आहेत. दोमिएसाठी ब्रँडाइस विद्यापीठाचा संग्रह बघा. फक्त सैनिकी चित्रं हवी असतील तर अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात अ‍ॅन ब्राउन यांचा मोठा संग्रह आहे, तोही ऑनलाइन आहे. दोमिएच्या चित्राशेजारी "देल्तेल" आणि एक आकडा दिसेल: लोइस देल्तेलनं केलेल्या यादीतला तो क्रमांक. वहीत तोच लिहून ठेवा, मथळे बदलतात, आकडा बदलत नाही.

विकत घ्यायचं असेल तर "शारिव्हारी"ची सुटी पानं ही परवडणारी सुरुवात. सीन नदीच्या काठावरच्या जुन्या पुस्तकांच्या पेट्यांतून माझं पहिलं पान आलं.

आणि इथे माझ्याकडून झालेली चूक सांगते. ते पान मी घरी आणून एका फ्रेमवाल्याकडे दिलं. त्यानं ते थेट काचेला चिकटून बसवलं, मागे चिकटपट्टी लावली, आणि मी काही बोलले नाही कारण मला काही माहीत नव्हतं. जुलैत भिंत ओलावली, काचेच्या आतून दव धरलं, आणि ऑगस्टमध्ये कागद काचेला चिकटला. शिपायाच्या उजव्या खांद्याचा दाणा काचेवर राहिला तो राहिलाच. तेव्हा: काच आणि कागद यांच्यात जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच, आणि तो पुठ्ठा आम्लविरहित हवा. चिकटपट्टी कधीही नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने पान भिंतीवर न ठेवता सपाट फाइलीत, कोरड्या कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा कसर लागली आहे का ते बघा. तपकिरी ठिपके दिसू लागले तर ओल आहे. घरी ब्लीच वगैरे करत बसू नका. कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

पायरी ८: फौजेतल्या माणसाला दाखवा

ही पायरी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण मला सगळ्यात जास्त तिनंच शिकवलं. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात तर फौजेत जाऊन आलेला माणूस प्रत्येक भावकीत असतो. माझे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फ्रेंचचा त्यांना गंध नाही. मी त्यांच्यापुढे राफेचं दुसरं एक चित्र धरलं, त्यातही शिपाई पाण्यातच उभे आहेत. ओळ मी हातानं झाकली होती.

मामांनी चष्मा वर केला, चित्र खिडकीजवळ नेलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "किती येळ उभी हायेत ही?"

मी हात काढला. ओळीत अधिकारी सांगतो आहे: शत्रूला आपण इथे आहोत याची कल्पना नाही. आत्ता सात वाजलेत. उद्या पहाटे चार वाजता आपण त्याला गाठू.

"नऊ तास, मामा."

त्यांनी मान हलवली. मग बोटानं एकेका शिपायाचे पाय पाण्यात कुठे बुडालेत ते बघत पुढे गेले, आणि शेवटच्याशी थांबून म्हणाले, "आन् मग सकाळी लढायचं."